बेचाळीस बरण्या, एक नाव

सव्वीस वर्षं मी हनोईच्या संग्रहालयात, तळघरात,
बेडकांच्या मांड्यांना चिठ्ठ्या बांधते आहे.
दोरा पांढरा, गाठ दुहेरी,
शाई स्पिरिटमध्ये न उतरणारी.
आणि नाव एकच.
होआंग लिएनच्या रानातून आलेला, अंगठ्याएवढा,
पाचोळ्याच्या रंगाचा जो कुणी असेल
त्याला तेच.
अक्षर वळणदार आहे बाईंचं, असं सगळे म्हणत.

परवा वरच्या मजल्यावरून पोरं उतरली.
प्रत्येक बरणीतून कणीएवढं मांस नेलं होतं त्यांनी,
आता एक झाड घेऊन आली, कागदावरचं,
फांद्याच फांद्या, पान एकही नाही.
"बाई, हा एक नाहीच. हे सात आहेत."

मी बरण्या उजेडाकडे धरल्या.
सगळे सारखेच पांढुरके, भिजल्या दाण्यासारखे,
डोळ्यांतलं तांबं विरघळून गेलेलं.
स्पिरिट आधी रंग खातं, मग संशय.
"फरक आवाजात आहे," पोरं म्हणाली.
आवाज बरणीत उतरत नाही.

मग सुंग आ लाऊ आठवला.
यातले निम्मे त्यानेच धरलेले, कपाळावर बॅटरी बांधून,
गुडघाभर गार ओढ्यात,
मसाल्याच्या वेलदोड्यांच्या मळ्यांपासून वर, खूप वर.
वर्षातून एकदा बसने यायचा,
ओल्या शेवाळाच्या पिशव्या मांडीवर घेऊन,
आणि मोडक्या व्हिएतनामीत सुरू व्हायचा:
हा वाळल्या वेलदोड्यासारखा खुळखुळतो.
हा दगडावर सुरी घासतो.
आणि हा, धुक्याच्या ओढ्यातला,
हा बोलता बोलता थांबतो,
कुणी ऐकतंय का बघतो,
मग पुन्हा.
मी म्हणायची, उंची सांग. तारीख सांग.
रकाने तेवढेच होते.

त्याच्या गावात प्रत्येकाला वेगळा शब्द होता.
मी तो विचारला नाही.
त्याने दोनदा सांगितला होता.

आज संध्याकाळी फोन लावला. उचलायला वेळ लागला.
भट्टी पेटलेली होती, वेलदोडे वाळत होते, तो खोकत होता.
"सात?" म्हणाला. हसला नाही.
"वरच्या धारेला कुणी आलं असतं तर आठ."
मग जीभ टाळूला लावून
एकामागून एक त्याने सहा काढले.
आमच्या लिपीत सहा सूर लिहायची सोय आहे,
पेन्सिल धरून बसले, एकही बसेना.

सातव्याला तो अडला.
"धुक्याचा ओढा आता तसा नाही.
म्हणजे पाणी आहे.
वरची झाडं विरळ केली आम्ही, वेलदोड्यांसाठी.
मीपण लावले. छपराचे पत्रे त्यातूनच आले.
पाच वर्षं झाली, तो बोलत नाही.
आता माझ्या तोंडातूनही गेला."

थांबा, म्हणाला.
मग लांब कुठे हाका, कुत्रं,
भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
फोनवर त्याची बायको आली, माय.
आम्ही कधी भेटलो नाही.
ती काही बोलली नाही. श्वास घेतला,
आणि दातांच्या फटीतून, अगदी हळू,
ट्रिक्, ट्रिक्,
थांबली.
कुणी ऐकतंय का बघितलं.
मी होते.
मग पुन्हा.

रात्री चिठ्ठ्या कापल्या.
सहा नावं वरची पोरं ठरवतील.
सातव्या बरणीत एकुलता एक आहे:
नर, बारा एप्रिल, एकोणीसशे चाळीस मीटर.
एक रकाना नव्हता, तो पट्टीने आखला.
आवाज: माय, सुंग आ लाऊची बायको.
फोनवर. एकदाच.

अक्षर थोडं हललंय.
असू दे.